नाडीचा वळ

हिंगाचा लेप लावायचा म्हणून सुचेताने आक्कांच्या परकराची नाडी सैल केली, पदर बाजूला घेतला, आणि तिचा हात पोटावर टेकायच्या आतच थांबला. वाटीत कालवलेला हिंग बोटांवर तसाच सुकायला लागला.

"काय गं, थांबलीस का?" आक्का कण्हत म्हणाल्या. "लाव की लवकर. पोट नुसतं ओढून धरल्यागत झालंय."

सुचेता आक्कांच्या पोटाकडे बघत होती. आक्का म्हणजे उज्ज्वला चौगुले, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. वय अठ्ठेचाळीस, शिरगुंडीच्या अंगणवाडीत सेविका. गुरुवारी गावाच्या उपकेंद्रात गर्भाशयातल्या गाठीवर उपचार करून घेतला होता आणि चार दिवस विश्रांतीला म्हणून मिरजेला भावाकडे आल्या होत्या. काल संध्याकाळपासून पोट दुखायला लागलं आणि आज रविवारी सकाळी तापही चढला. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी सुचेताने आक्कांचं पोट कधी पाहिलं नव्हतं. नणंदेचं पोट कोण कशाला बघायला जातं? पण गेल्या आठ वर्षांत एकाही डॉक्टरने ते पाहिलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मात्र सुचेताच्या कंपनीला फार भूषणाची वाटत असे.

बेंबीच्या खालच्या कडेला घासून, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, काळपट वळ गेला होता. जू घासून बैलाच्या खांद्यावर घट्टा पडतो ना, तसा जुना आणि जाड. बावीस वर्षं रोज सकाळी अंगणवाडीची साडी नेसताना करकचून आवळलेल्या नाडीचा वळ होता तो. त्याच्या खाली बरोबर तीन बोटांवर एक हिरवा ठिपका होता. उपचार जिथे झाला तिथे यंत्रच तो ठिपका उमटवतं.

सुचेताने हिंगाची बोटं पदराला पुसली आणि मोबाइलवर आक्कांचा अहवाल उघडला. "खण आठवा, ओटीपोट. खालच्या रेघेपासून तीन बोटं खाली. गाठ जाळली. उपचार यशस्वी."

तिने वळापासून ठिपक्यापर्यंत बोटं मोजली. तीन. मग आक्कांच्या कमरेला दोन्ही बाजूंनी चाचपलं. बरीच चरबी होती, दाबावं लागलं, तेव्हा कुठे हाडाचा उंचवटा लागला. वळापासून चार बोटं खाली. तिने पुन्हा मोजलं. चारच.

तिने हिंगाची वाटी बाजूला सारली.

आता तिला एवढा कसला धक्का बसला ते कळायचं तर आधी पोटाची थोडी माहिती हवी. आपल्या लोकांचं पोट एकच असतं. बरगडीपासून जांघेपर्यंत कुठेही कळ आली तरी 'पोटात दुखतंय' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. डॉक्टरांचं तेवढ्याने भागत नाही. ते पोटावर मनातल्या मनात दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारतात, म्हणजे नऊ खण होतात. वरच्या ओळीत मधोमध अधिजठर, जिथे आपल्याला जळजळतं. त्याच्या उजवीकडे बरगडीआड यकृत, डावीकडे प्लीहा. मधल्या ओळीत दोन बाजूंना दोन कुशी आणि मध्ये नाभीचा खण, तिथे लहान आतड्याची वेटोळी. खालच्या ओळीत उजवीकडे अपेंडिक्स, डावीकडे मोठ्या आतड्याचं शेवटचं वळण, आणि मध्ये ओटीपोट, म्हणजे मूत्राशय आणि बाईचं गर्भाशय. यातली खालची आडवी रेघ कमरेच्या हाडांच्या दोन उंचवट्यांवरून जाते. नाभीचा खण आणि ओटीपोट यांची हद्द ठरवते ती हीच रेघ.

सुचेता ज्या कंपनीत होती तिने 'उदरपट' नावाची चादर काढली होती. लोक नुसतं 'चादर' म्हणत. दिसायला जाड दुलईसारखी, आतल्या बाजूला बारीक डोळे आणि हजारो बारीक तोंडं. बाईने साडी थोडी सैल करायची, चादर आत सरकवायची, वरून पदर घ्यायचा. कुणाचा हात नाही, कुणाची नजर नाही. 'पदरही न ढळता तपासणी' असं उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं असे, आणि खरोखरच ज्या बाया जन्मात डॉक्टरपुढे गेल्या नसत्या त्या चादरीखाली जाऊन झोपल्या. चादर आधी कातडीवरून चार रेघा ठरवी आणि मग ज्या खणात जे असायला हवं तेच तिथे शोधी. पोस्टमन आधी गल्ली बघतो, मग घर. अख्खं पोट धुंडाळायचं नसल्यामुळे ती स्वस्त होती आणि पाच मिनिटांत निकाल देई. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरच्या जिवावर दिवस काढणाऱ्या गावांना आणखी काय हवं होतं?

इतकी वर्षं चादर फक्त सांगत होती. गेल्या महिन्यापासून ती करायलाही लागली. तिच्या तोंडांतून कानाला न ऐकू येणारा आवाज निघतो. एकेक सूर निरुपद्रवी, पण हजार सूर एकाच बिंदूवर आणून मिळवले की तेवढंच मांस आतल्या आत शिजतं, वरच्या कातडीला चटकाही लागत नाही. गर्भाशयातली गाठ अशी जाळता येते. टाका नाही, रक्त नाही, अर्ध्या तासात बाई घरी.

म्हणजे रेघ चार बोटं वर सरकली असेल, तर चादर नाभीच्या खणात ओटीपोट समजून शोधत होती. तिथे घट्ट वळलेलं आतडं दिसलं तरी तिला ते गाठच वाटणार. तिच्या यादीत त्या खणात आतडंच नव्हतं.

आणि ही रेघ वर सरकवली होती सुचेताने.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर कंपनीने केंद्र उघडलं होतं. तीस मुली दिवसभर संगणकापुढे बसून पोटांच्या फोटोंवर रेघा मारायच्या. यंत्राला शिकवायचं तर आधी माणसाने लाखो वेळा करून दाखवावं लागतं. सुचेताची पूर्वा तेव्हा दोन वर्षांची. पोर टाकून सांगलीला जायचं काही नडलंय का, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. तेव्हा आक्का शिरगुंडीहून उठून आल्या. "जाऊ दे तिला. माझ्याकडं चाळीस पोरं हाईत, त्यात एक्केचाळीसावी," म्हणाल्या आणि पूर्वाला कडेवर घेऊन गेल्या. दोन वर्षं सांभाळली. सुचेता आज जी कोणी होती ती आक्कांमुळे, आणि हे ती कुणालाही सांगत असे.

केंद्रात अडचण एकच होती. सडपातळ पोटावर हाड दिसायचं, जाड पोटावर काहीच दिसायचं नाही. मुली अंदाजाने रेघ मारायच्या आणि कुणाचंच कुणाशी जुळायचं नाही. एके दिवशी सुचेताच्या लक्षात आलं की बायकांच्या बहुतेक पोटांवर नाडीचा वळ असतो, चांगला सरळ, आडवा. नाडी आपण कमरेच्या हाडावरच बांधतो की. खात्री करायला ती बाथरूममध्ये गेली आणि स्वतःच्या पोटावर बघितलं. वळ बरोबर हाडावर. आणखी चार मैत्रिणींना बघायला लावलं. सगळ्यांचं तसंच. शास्त्रशुद्ध पडताळा म्हणतात तो हाच, असं तिला वाटलं.

पण त्या पाचही जणी पंचविशी-तिशीतल्या होत्या. साडी नेसल्याच तर बेंबीखाली, फॅशनने. आयुष्यभर साडीतच वावरलेली, वाकून झाडणारी, पोरं उचलणारी बाई नाडी वर बांधते, बेंबीपाशी, नाहीतर साडी सुटते. हे त्या पोरींना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? प्रत्येकीच्या घरात आई होती. पण फोटोतल्या पोटाला आई नव्हती आणि डोकंही नव्हतं. 'वळ दिसल्यास वळ हीच खालची रेघ' हा सतरावा नियम झाला. खाली सही सुचेता मगदूम. काम तिप्पट वेगाने व्हायला लागलं, तिला केंद्राची प्रमुख केली, पुढे तीन जिल्ह्यांची प्रशिक्षक. चादर पदराखाली काम करायची आणि पडद्यावर नुसती बाहुलीची आकृती दिसायची. रेघ खऱ्या पोटावर कुठे पडते ते कधी कुणी पाहिलंच नाही.

"सुचेता," आक्का म्हणाल्या, "बोटं काय मोजतेस?"

"आक्का, आपल्याला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायचंय."

"अगं, सूज असती म्हणं दोन दिवस. तूच म्हणालीस."

होय, तीच म्हणाली होती. वर्षभर आक्कांना अंगावरून फार जात होतं, रक्त कमी झालं होतं, पण कापाकापीच्या नावाने त्या घाबरायच्या. सुचेताच मागे लागली होती. कापायचं नाही, काही नाही, माझ्या चादरीवर विश्वास ठेवा, आक्का.

मिरजेतल्या त्या हॉस्पिटलात तातडीच्या विभागावर डॉक्टर अन्वर मुजावर होते. तिशीचे, सर्जन, रात्रभर जागे असल्यासारखे डोळे. त्यांनी रिवाजाप्रमाणे आक्कांच्या पदराखाली चादर सरकवली. पाच मिनिटांत पडदा हिरवा झाला. 'खण आठवा, उपचारानंतरची अपेक्षित सूज.'

"काही काळजी नाही," डॉक्टर म्हणाले. "सलाइन लावतो, तापाचं औषध देतो. उद्या बघू."

"डॉक्टर, आतडं भाजलंय त्यांचं," सुचेता म्हणाली. "फुटलंही असेल. पोट उघडून बघावं लागेल."

शेजारी उभा असलेला महावीर, तिचा नवरा, चमकून तिच्याकडे बघायला लागला. गाडीत ती एक अक्षर बोलली नव्हती.

"तुम्ही डॉक्टर आहात?" मुजावरांनी विचारलं.

"नाही. चादरीच्या कंपनीत आहे."

"मग तुम्हाला नियम माहीत असेल. पडदा हिरवा असताना पोट उघडायचं तर समितीची परवानगी लागते, आणि समिती उद्या दुपारी बसते. त्याआधी उघडलं आणि आत काही निघालं नाही, तर माझं लायसन्स जाईल. नुसत्या नातेवाइकांच्या भीतीवर मी चाकू नाही लावू शकत. तुमच्याकडे काही कारण असेल तर द्या."

कारण तिच्याकडे होतं. ती बाहेर आली आणि पुण्याला देवधर सरांना फोन लावला. रेघांचा सगळा विभाग त्यांच्या हाताखाली होता. तिने वळ, ठिपका, हाड, सगळं सांगितलं.

"सुचेता मॅडम, तुम्ही घरातल्या माणसाच्या आजारपणाने गडबडलेल्या आहात," देवधर म्हणाले. "रेघ आपण आजच खाली सरकवून घेऊ. संध्याकाळपर्यंत सगळ्या चादरींवर होईल. विषय संपला."

"आणि ज्यांचं होऊन गेलंय त्या? एका महिन्यात सहाशे चौदा बायका आहेत, सर."

"सगळ्यांनाच काही होत नाही. बहुतेकींची गाठ खरोखरच तिथे असेल. उगाच आरडाओरडा केला तर एकही बाई पुन्हा चादरीखाली येणार नाही, आणि कॅन्सर वेळेवर सापडलेल्या बायका तुम्हीच मोजल्यात ना? त्यांचं काय?" त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि सतराव्या नियमाखाली सही कुणाची आहे तेही एकदा आठवा. माझी नाहीये."

तिने फोन बंद केला. खोटं सांगायला काय हरकत, असा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. यंत्रात बिघाड झालाय असं मोघम बोलावं, आपलं नाव काढूच नये. पण मोघम कारणावर मुजावर पोट उघडणार नव्हते. कुठली रेघ, किती चुकली, कशामुळे चुकली आणि हे तुम्हाला कसं माहीत, हे ते विचारणारच. त्याचं खरं उत्तर देणारं माणूस जगात एकच होतं. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीतच ती परत आत गेली.

"कागद द्या," ती मुजावरांना म्हणाली. "लिहून देते."

तिने लिहिलं. चादरीची खालची रेघ चुकीची आहे. साडी नेसणाऱ्या बायकांत ती नाडीच्या वळावर पडते, हाडावर नाही. हा नियम मी केला. पडताळा मी चुकीचा घेतला. उज्ज्वला चौगुले यांच्यावरचा उपचार गर्भाशयावर झालेला नसून नाभीच्या खणात झाला आहे. खाली नाव, सही, वेळ.

महावीर तिच्या खांद्यावरून वाचत होता.

"हे तू केलंस?"

"हो."

"आक्काला तूच पाठवलीस."

"हो."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. तो लांबच्या बाकावर जाऊन बसला.

मुजावरांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी चादर काढून बाजूला ठेवली, नर्सला पडदा ओढायला सांगितला आणि आक्कांना म्हणाले, "मावशी, पोटाला हात लावू का?" आक्कांनी मान हलवली. डॉक्टरांनी आधी हिरवा ठिपका बघितला, मग वळ, मग कमरेची हाडं चाचपली. नंतर तळहात पोटावर ठेवून हलकेच दाबला. त्यांचा चेहरा उतरला.

"लाकूड झालंय," ते म्हणाले. सुचेताकडे न बघताच म्हणाले. "आतडं फुटलं की असं होतं. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. हात लावला असता तर आल्याबरोबरच कळलं असतं. सहा वर्षं मी पोटाला हात लावलेला नाही."

वीस मिनिटांत आक्कांना आत नेलं.

बाहेर बसून सुचेता सहाशे चौदा हा आकडा मनात घोळवत होती. इतके दिवस तो तिने सादरीकरणात मोठ्या अक्षरांत दाखवला होता, निळ्या रंगात, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्यातल्या प्रत्येकीला पोट होतं. तिला वाटलं की आपण ओरडावं, पण ओरडून कुणाला काय सांगणार? दुपारी महावीर कँटीनला गेला आणि चहा घेऊन आला. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याने एकच चहा आणला होता.

चारच्या सुमारास मुजावर बाहेर आले. "वाचतील, असं वाटतंय. दोन दिवस काही सांगता येणार नाही," ते महावीरला म्हणाले. मग सुचेताकडे वळले. "लहान आतडं चार इंच शिजलं होतं. एका ठिकाणी फुटून घाण पोटात पसरली होती. तेवढा तुकडा काढला, सगळं धुतलं. गर्भाशय पण बघितलं. गाठ आहे तिथेच आहे. तिला धक्कासुद्धा लागलेला नाही."

सुचेता भिंतीला टेकली. सगळं आधी कळलेलं होतं, तरी ऐकायचं राहिलं होतं. माणसाला खात्री असते तेव्हाही कुठेतरी वाटत असतं की आपलंच चुकलेलं असावं. तिचं काही चुकलेलं नव्हतं, जे चुकायचं ते अकरा वर्षांपूर्वी चुकून गेलं होतं.

मुजावरांनी तिचा कागद आणि कापलेल्या आतड्याचा फोटो जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवला, आणि पाठोपाठ तासभर फोनवर भांडले. सहा वाजता तिन्ही जिल्ह्यांतल्या चादरी बंद करायचा हुकूम निघाला. उपचार झालेल्या बायकांना शोधून आणा, असंही त्यात होतं. पण शोधायचं कसं? कंपनीकडे नावं नव्हती, फक्त क्रमांक. बायकांना वचनच तसं दिलेलं होतं. गर्भाशयात गाठ आहे हे कितीतरी जणींना सासरी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तर त्या चादरीखाली आल्या. कुठली बाई कुठला क्रमांक हे फक्त तिला हाताला धरून घेऊन गेलेल्या अंगणवाडीच्या नाहीतर आशा सेविकेला ठाऊक. तेही कागदावर नाही, डोक्यात. अधिकाऱ्यांनी गावोगावी सेविकांना फोन लावायला सुरुवात केली. शिरगुंडीची सेविका अतिदक्षता विभागात बेशुद्ध होती.

सोमवारी सकाळी नऊला आक्का शुद्धीवर आल्या. ओठ सुकलेले, नाकात नळी, आवाज खोल गेलेला. महावीर आधी आत जाऊन आला. बाहेर येऊन म्हणाला, "मी काही सांगितलं नाही. म्हणालीस ना, तू सांगणार." इतकंच बोलला, पण बोलला.

सुचेता पलंगाशी बसली. तिने काही लपवलं नाही. बाथरूममधला आरसा, चार मैत्रिणी, सतरावा नियम, सही, देवधरांचा फोन. मध्येमध्ये तिला रडू येत होतं आणि ते ती गिळत होती, कारण आत्ता रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटत होतं.

आक्का ऐकत होत्या. डोळे छताकडे. ती थांबली तरी त्यांनी नजर खाली आणली नाही. चिडल्या असत्या तर सुचेताला सोपं गेलं असतं.

"म्हंजे तुला ठाऊक नव्हतं," आक्का शेवटी म्हणाल्या.

"नव्हतं, आक्का. पण ठाऊक असायला पाहिजे होतं. तुमची साडी मी रोज बघत होते."

"कागद घे."

सुचेताने पर्समधली वही काढली.

"माझ्या आधी नि माझ्याबरोबर गेलेल्या. लिही." आक्का एकेक नाव दमादमाने सांगायला लागल्या. भारती सुतार. रेखा आवटी, मळ्यात राहते, नवऱ्याला कळू देऊ नको, अंगणवाडीच्या पोषण आहाराचं काम आहे म्हणून बोलव. रुक्साना शेख. सविता खोत आणि तिची जाऊ. प्रत्येक नावानंतर त्या श्वास घ्यायला थांबत. सुचेता लिहीत होती आणि दारात उभ्या नर्सला नाव सांगत होती, म्हणजे बाहेर लगेच फोन लागावा. नऊ झाली, दहा झाली.

"झाल्या?" सुचेताने विचारलं.

आक्कांनी मान हलवली. नाही अशी. त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे उतरायला लागलं.

"मंगल वाघमोडे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी चादरीखाली पहिली तीच गेली. बाकीच्या भीत होत्या, तर म्हणाली मी जाते आधी."

"कुठे राहतात? गाडी पाठवते."

"मंगळवारी गेली ती."

सुचेताचं पेन थांबलं.

"दोन दिवस पोट धरून वरडत होती. जत्रेतलं खाल्लं, त्यानं बाधलं असं घरची माणसं म्हणत होती. डॉक्टर आला, त्यानं मला विचारलं, बाई, हिला आधी काही झालं होतं का? घरच्यांना चादरीचं ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. पण तिनं माझ्याकडनं शब्द घेतला होता, आक्का, घरात कळू देऊ नका म्हणून. सासू तिथंच हुबी. मी म्हणाले, काही नाही झालेलं." आक्कांना धाप लागली. नर्स पुढे आली तसं त्यांनी हातानेच तिला थांबवलं. "त्याच दिवशी तिच्या मातीला गेले. नि गुरुवारी जाऊन त्याच चादरीखाली झोपले. सुचेताची चादर हाय, म्हणाले, तिनं कुणाचं काय वाईट व्हायचं?"

काल दुपारपासून सुचेताला वाटत होतं की याहून भयंकर आता काही ऐकायला लागणार नाही. तिने आक्कांचा हात धरला. तो हात धरू दिला जाईल की नाही याची तिला खात्री नव्हती. आक्कांनी तो सोडवून घेतला नाही आणि दाबलाही नाही.

"लिहिलंस का?" त्यांनी विचारलं.

"खाली लिहिते."

"खाली नको. तिला काय झालं ते तिच्या घरी अजून कुणाला ठाऊक नाही. तिचं नाव आधी."

वहीच्या त्या पानावर वर जागा उरली नव्हती. सुचेताने ते पान उलटलं, कोऱ्या पानावर सगळ्यात वर मंगल वाघमोडे असं लिहिलं, आणि त्याखाली भारती सुतारपासून बाकीची दहा नावं पुन्हा एकदा उतरवायला घेतली.